एसच्या आधी की नंतर

फ्लीटवुडमध्ये दोन वर्षं मी शिडी धरली,
पाट्या रंगवणाऱ्या क्लिफर्ड एन्टविसलची.
शिडी, म्हणून ची.
डबा असता तर एन्टविसलचा,
आणि ते रोज हरवणारं फडकं, त्याचं.
आपली षष्ठी वस्तूचं तोंड बघून बोलते,
मालक कोण का असेना.

तिकडे शिडी, डबा, फडकं सगळ्यांना एकच न्याय:
मालकाच्या खांद्यापाशी शेपटीवालं टिंब
आणि मागून एक एस.
"खुंटी आहे ती," क्लिफर्ड म्हणायचा,
"या गावात जे काही कुणाचं आहे
ते हिच्यावर लटकलंय."
मग मला खुंट्याच ऐकू येऊ लागल्या.
पाद्रीबाबांचा पाव बाजूला ठेव.
कुत्र्याचं पाणी बदललंस का?
कालचा ब्रेड अर्ध्या किमतीत:
म्हणजे कालसुद्धा मालक असतो.
आपल्याकडेही असतो,
पण हे कळायला मला तिथवर जावं लागलं.

लॉर्ड स्ट्रीटवर थ्रेलफॉल बहिणींनी बेकरी काढली.
एनिड पीठ मळणार, मॉरीन गल्ला सांभाळणार.
क्रीम रंगावर सोनेरी अक्षरं,
'सिस्टर्स'पर्यंत आला आणि क्लिफर्ड थांबला.
"एक की दोन?" वरूनच ओरडला.
"काय एक की दोन?"
"बहिणी! एक असेल तर खुंटी एसच्या आधी,
दोन असाल तर एसच्या नंतर."
एनिड पिठाच्या हातांनी बाहेर आली
आणि दोन बोटं वर केली.
तिथे तळवा आपल्याकडे ठेवून दोन बोटं दाखवली
तर ती शिवी होते.
तिनं तळवा आपल्याकडेच ठेवला होता.
क्लिफर्ड इतका हसला की शिडी हलली.

बोलताना मात्र काही फरक नाही.
एकीची बेकरी, दोघींची बेकरी,
कानाला तंतोतंत तीच.
फोनवर केक सांगणाऱ्याला
कधीच कळणार नाही आत किती जणी आहेत.

फेब्रुवारीत एनिड गेली.
एप्रिलमध्ये मॉरीनचा निरोप आला:
पाटी एकदा बघून जा.
वाटेत क्लिफर्ड गप्प होता.
शिडी लावली, चढला, बोटानं अंतर मोजलं.
"इंचभराचं काम," खाली न बघता म्हणाला,
"इथलं पुसायचं, तिथं काढायचं.
पैसे नकोत."
मॉरीन फुटपाथवर,
एप्रनच्या खिशात गल्ल्याची किल्ली वाजवत.
समुद्रावरचा वारा डब्याचं झाकण उडवून घेऊन गेला,
मी ते पायानं अडवलं.
"मी कडेचा रंग उडालाय म्हणून बोलावलं होतं,"
ती म्हणाली.
क्लिफर्डनं कडेला रंग दिला.
दोन हात.
आणि पैसे पुरते मोजून घेतले,
ते बरं केलं.

नंतर एका रविवारी ती ट्राममध्ये दिसली.
फुलं नव्हती, मांडीवर पावाची कागदी पिशवी,
खालून लोण्यानं पारदर्शक झालेली.
"कुठे निघालात?" कंडक्टरनं विचारलं.
"माय सिस्टर्स," ती म्हणाली.

त्या भाषेत एवढ्यावर वाक्य संपतं.
दातांच्या डॉक्टरच्या, न्हाव्याच्या, आईच्या,
पुढचं घर, पुढचं दुकान कुणी उच्चारत नाही,
खुंटी मोकळी सोडतात
आणि तिच्यावर काय आहे ते समोरच्याला दिसतं.
कंडक्टरला दिसलं असावं.
तो पुढच्या बाकाकडे गेला.

मी खिडकीशी बसून
ते वाक्य मराठीत पुरं करायला घेतलं.
बहिणीचा, बहिणीची, बहिणीचं.
टर्मिनस आलं तरी
मी तिथेच होतो.